खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

खंडेनवमीला शेजारच्या आबांकडे पूजेला गेलो होतो. पाटावर विळी, कात्री, पान्हे आणि मधोमध आबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर. सगळ्यांना हळदकुंकू लावता लावता मी मोठ्या थाटात तेही उचललं. बोट चापावर आणि नळी थेट समोर ताट घेऊन उभ्या असलेल्या आमच्या हिच्याकडे!

"अहो, घाबरता काय? रिकामं आहे ते," आबा दचकलेल्या मंडळींना म्हणाले. सगळे हसलो. मग खात्री पटवायला त्यांनी ते उघडलं, तर आत एक गोळी होती.

"अरेच्चा! विसरलोच की," म्हणत आबा चष्मा शोधू लागले.

परवाना दिला तेव्हा आबांचं वय, वर्तन सगळं तपासलं असेल. पुढे आबा म्हातारे झाले, हात थरथरू लागला, पेटता गॅस विसरू लागले. परवाना मात्र दर नूतनीकरणाला नुसता शिक्का घेत तसाच तरणाताठा राहिला. अशा विसराळू माणसांची किती कपाटं आपल्या भिंतीपलीकडे असतील? बंदूक ठेवणारा माणूस दरवर्षी नव्याने तपासायला नको?

हे सगळं मी घरी येऊन तावातावाने बोललो. हिने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुमच्या हातून कधी काही घडत नाही, असं वाटून मी हसत तिथंच उभी राहिले हो."