चाचांचा टोप आणि चाळीस लिटर

पाच लिटर बिअर घरी करणं फारसं अवघड नाही. मोड आणून भाजलेले जव भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, ते पाणी गाळून हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचं, निवलं की बादलीत यीस्ट घालून झाकून ठेवायचं. इडलीच्या पातेल्यात सगळं मावतं. ऑफिसातल्या चौघांना माझी बिअर आवडली आणि त्यांनी चाळीस लिटरची फर्माईश केली. मी सगळं आठनं गुणलं. गुणाकार करायला डोकं लागत नाही, म्हणून असेल.

बायको आणि मुलगी जूनमध्ये मुलीच्या शाळेसाठी पुण्याला परत गेल्या होत्या. इथं आखातात, अजमानच्या फ्लॅटमध्ये, मी एकटा. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, डिड यू ईट?" मी हो म्हणायचो, कधी खरं, कधी खोटं. दोन्हीतला फरक मला कळेनासा झाला होता. घरी बिअर करणं इथं गुन्हा आहे, पकडलं तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण भीती वाटत नव्हती. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

त्या दिवसांत माझं दार वाजवणारा एकच माणूस होता. समोरच्या फ्लॅटमधले चाचा, रत्नागिरीकडचे. रोज संध्याकाळी चहाला यायचे, मी बोललो नाही तरी अर्धा तास बसायचे. त्यांच्याकडे बिर्याणीचा मोठा टोप होता, तांब्याचा, आतून कल्हई केलेला, गावाहून आणलेला. मी तो मागितला.

"गणपतीच्या प्रसादाला काय?" चाचांनी विचारलं. चतुर्थी चार दिवसांवर होती.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"अरे, पण आमचं मटण शिजतं त्यात. तुमच्या देवाला चालेल काय?" ते स्वतःच विचारात पडले. मग म्हणाले, "थांब. मी घासून देतो."

त्यांनी तो लिंबू-मीठ लावून दोनदा घासला. दुपारभर बाल्कनीतून आवाज येत होता आणि मी इकडे जव भरडत होतो. तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. उठायचा कंटाळा आला.

शनिवारी सकाळी टोप चढवला. गॅसवर उकळी यायलाच दुपार झाली. खरी पंचाईत निववायची. पाच लिटरचं पातेलं सिंकमध्ये बर्फात ठेवलं की भागायचं. एवढा टोप उचलणार कोण? आणि इथला उन्हाळा गणपतीतही संपत नाही, गच्चीवरच्या टाकीतून थंड नळालाही चहासारखं कढत पाणी येतं, म्हणून आम्ही गिझर बंद ठेवून त्यातलं घरात निवलेलं पाणी आंघोळीला वापरतो. मी तो गिझर संपवला, ग्रोसरीच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या आणल्या, टोपाभोवती रचल्या. निवता निवता संध्याकाळ झाली. मग दोन बादल्या भरून मुलीच्या खोलीत ठेवल्या, कारण तिथला एसी चांगला आहे. टोप धुऊन परत दिला.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी चाचा आले. हातात झाकणाचा रिकामा डबा.

"प्रसाद आणायचास ना रे? शेवटी मीच आलो. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपल्या टोपातला प्रसाद येणार म्हणून."

खालच्या हॉटेलातून शिरा आणून देता आला असता. तेवढं डोकं चाललं. पण तोंडातून खरंच निघालं, आणि तेही धड नाही. म्हटलं, "चाचा, प्रसाद नव्हता. बिअर केली. म्हणजे टोपात दारू झाली नाही, त्यात नुसतं जवाचं पाणी उकळलं. दारू नंतर बादलीत होते."

हे मी ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं तसं सांगितलं. चाचा डब्याचं झाकण घट्ट करत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला विचारायचं तरी," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हो. नाही म्हटलं असतं. आणि संध्याकाळी चहाला आलो असतो."

थोड्या वेळानं त्यांनी टोप आणून माझ्या दारात ठेवला. "हा आता तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले, आणि आपल्या घरात गेले.

मला लाज वाटली. जूननंतर पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, आणि ते सांगायला गेलं तर समोरचं दार बंद होतं.