मरणाऱ्या आप्पाचा कौल

विलायतेतला एक नट आमच्या आईनं दत्तक घेतलाय म्हटलं तरी चालेल. आई हिंडलग्याची, जन्म शेतात गेलेला, इंग्रजीचा गंध नाही. मी बेळगावात हायस्कूलला इंग्रजी शिकवते, आणि कान तयार राहावा म्हणून रोज संध्याकाळी इंग्रजी मालिका लावते. आई शेजारी बसून शेंगा फोडते आणि मी चालू मालिकेचं मराठी करून सांगायचं. जरा अडखळले की, "पगार कशाचा घेतीस गं?" हे ठरलेलं.

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा पोस्टमन होता. पत्र द्यायला आला आणि अकराव्या मिनिटाला पाव कापायच्या सुरीनं गेला. दुसऱ्या मालिकेत नोकर, विष घालून मारला. तिसरीत पाद्री, जिन्यावरून ढकलला. "अगं, ह्यो त्योच की!" आई ओरडली. "परवा मेलता न्हवं?" त्या दिवसापासून त्याचं नाव आप्पा.

मग मी मोबाईलवरून आप्पाची कुंडलीच काढली. बाप कोळशाच्या खाणीत, स्वतः पोरवयात बेकरीत. पुढं एका खटारा गाडीतून गावोगाव नाटकं केली, त्यातही राजामागं भाला धरून उभं राहायचं काम. नंतर टीव्ही. पण चाळीस वर्षं दहा-दहा मिनिटांची कामं, आणि बहुतेकांत मरण. "तोंडच तसं हाय बिचाऱ्याचं," आईनं निकाल दिला.

यंदा आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढायलाच हवी, उशीर नको. आई म्हणाली, "खडं ऱ्हाऊ देत, मला भूल नगो." तिची थोरली जाऊ भुलीतून उठलीच नव्हती. मी समजावलं, ओरडले, एकदा तर ताट आपटलं. ढिम्म! देवीला कौल लावला, उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही; तर दोन्ही पाकळ्या मूर्तीला चिकटून बसल्या, उजवी पडेना की डावी पडेना.

नेमकी त्याच आठवड्यात आप्पाची नवी मालिका आली. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच मोठं काम, निवृत्त फौजदाराचं, चांगलं सहा भागांचं! आई म्हणाली, "देवी काय बोलंना. ह्यात आप्पा शेवटपतोर जगला तर मी आपरेशन करून घेतो."

उभ्या जन्मात कधी न जगलेल्या माणसावर हिनं आपला जीव टांगला होता!

शेवट मोबाईलवर शोधला असता तर सापडला असता, पण छाती झाली नाही. तिसऱ्या भागात आप्पाच्या अंगावर गाडी आली. "सरक रं आप्पा!" आई किंचाळली आणि आप्पा सरकला. आम्ही दोघी नाचलो, खरंच नाचलो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "कुणाचं लग्न ठरलं काय गं?" पाचव्या भागात त्याला छातीत कळ आली, तरी उठून बसला. आईनं मला खडेबाजारात पिटाळून पेढे आणवले.

सहाव्या भागात, शेवटची चार मिनिटं राहिली असताना, त्याला गोळी लागली.

"नाटक करतोय," मी म्हटलं, "चोरांना फसवायला." पेटी आली. "पेटीपण खोटी." त्याची लेक रडायला लागली. "तीपण सामील आहे गं." वरून माती पडायला लागली तसं माझं मराठी संपलं.

"मेला न्हवं?"

"मेला," म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

आईनं पदरानं माझं नाक पुसलं, चाळीस वर्षांच्या बाईचं! "येडी का खुळी तू? त्यो मरतोय आनि म्होरल्या मालिकेत उठून येतोय. भूल म्हंजे तेवढंच की. लाव डाक्टरला फोन."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आल्यात, बोलल्यासुद्धा, जा भेटा. मी पळतच गेले. आई डोळे मिटून पडलेली, तोंड जरा उघडं. "आई." काही नाही. "आई गं!" हात उचलला तर तो गळून खाटेवर पडला. नर्सला हाक मारायला वळले तर मागून आवाज आला, "आप्पागत जमलं का न्हाय मला?"

असला संताप आला की मारायला हातच उचलला. मग टाके आठवले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. ती हसायला गेली, टाके ताणले, कळवळली, तरी हसतच होती. नर्स धावत आली आणि आम्हा दोघींना कन्नडमधून चांगलं झापून गेली.

ती गेल्यावर आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "कुणाला सांगू नगस," ती म्हणाली, "लई भ्यालतो गं मी."