नुसते पंखेच दिसतात

लग्नाच्या व्हिडिओतला खरा आवाज मारून वर गाणं चढवणाऱ्याला मनांग लुदिंग एकच शिवी द्यायची. ती इथं लिहीत नाही. पण एकदा ती कानावर पडल्यावर शेजारून चाललेल्या पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली होती.

पूर्ण नाव लुदिविना पालमारेस. आमच्या इलोइलो शहरात तिला सगळेच मनांग म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयानं मोठी माणसंही थोरलीच म्हणत. मी कॅमेरा धरायचो आणि ती ते चित्रण कापून जोडायची. दुपारी चर्चमधलं लग्न आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याच लग्नाचा व्हिडिओ पडद्यावर, ही आमच्याकडची हौस. पाहुणे लेचोनच्या, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या डुकराच्या, कुरकुरीत कातडीवर तुटून पडलेले असतात, पडदा उजळतो, आणि लग्नाला साक्षीदार म्हणून मानानं बोलावलेली एकेक निनांग आपलं तोंड कुठं दिसतंय ते शोधायला लागते. दिसलं नाही तर वर्षभर अबोला. हे सगळं सांभाळून दोन-तीन तासांत व्हिडिओ उभा करायचा म्हणजे लुदिंगच्या पोटात त्या दिवशी कॉफीशिवाय काही जात नसे. उपाशी माणसाला राग लवकर येतो म्हणतात. तिला पोटभर जेवल्यावरही यायचा.

त्या रागाला मूळ होतं. तरणी असताना पोर अंगावर पीत होतं तेव्हाच ती तैवानला कारखान्यात गेली. नवऱ्यानं पोराच्या बाप्तिस्म्याची व्हिडिओ कॅसेट पाठवली. पाद्री डोक्यावर पाणी ओततोय, पोर तोंड फाडून रडतंय, आणि आवाज कुणाचा? गायकाचा! पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं. कापणाऱ्या शहाण्यानं रडणं पुसून टाकलं होतं, व्हिडिओ गोड दिसावा म्हणून. आपल्यामागं पोरगं जाड रडायला लागलं की बारीकच राहिलं, हे लुदिंगला कधी कळलंच नाही. परत आली तेव्हा त्याचा आवाज फुटला होता. साठलेल्या पैशांतून तिनं दुकान टाकलं नाही, भाड्यानं चालवायला ट्रायसिकल रिक्षा घेतली नाही. ती कापायला शिकली.

मी सांगतोय ते रिझेलच्या लग्नाचं. नवरदेव भाताच्या गिरणीवाल्यांचा. नवरीची आई पेर्ला हाँगकाँगला घरकामाला. मालकिणीकडं नेमके पाहुणे यायचे होते म्हणून तिनं रजा नाकारली. मग हारोच्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत पेर्लाच्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या मावशीनं, तिता बेबिंगनं, फोन धरला आणि आईनं त्यातून लग्न बघायचं असं ठरलं. बेबिंग पहिल्या घंटेपासून रडायला लागली. एका हातानं डोळे पुसायची आणि दुसरा हात फोनसकट छताकडं जायचा. नवरदेव शपथ घेतोय, "सुखात आणि दुःखात...", आणि फोनमधून पेर्ला ओरडली:

"अगं बेबिंग, नुसते पंखेच दिसतात! खाली धर की! पोरगी दाखव, पंखे नको!"

चर्च हसलं. पाद्रीबाबा हसले. बेबिंगनं दचकून हात खाली आणला. पेर्ला आता हळूच म्हणाली, "अगं बाई... केवढी झाली गं." रिझेलनं वेदीसमोरून मान वळवली. ते तोंड मी टिपलं. नवरदेवाच्या कोटाला लावलेल्या माईकनं आवाज टिपला. हसली नाही ती एकटी नवरदेवाची आई.

हॉटेलातल्या भांडी ठेवायच्या खोलीत लुदिंग कापायला बसली. खाली गरम झालेला लॅपटॉप, त्याच्याखाली बर्फाची पिशवी, कानाला फोम फाटलेला हेडफोन. तिनं आईचा आवाज मधोमध ठेवला. चित्रात रिझेल मान फिरवते, उठते, झग्याचा घोळ सावरत चालायला लागते, तरी "केवढी झाली गं" मागं रेंगाळत राहतं. चित्र पुढं जातं, आवाज जायला तयार नसतो. मी मागं उभा राहून तेवढा तुकडा दोनदा बघितला.

तेवढ्यात लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी मिस क्लारिस आत आली.

"मनांग, तो फोनचा आवाज काढून टाका हं. तिथं एखादं छान गाणं टाका."

"का गं?"

"नवरदेवाच्या आईंना नकोय. मेयरची बायको निनांग आहे. फोनवरून ओरडणारी बाई बरी दिसत नाही."

"कोन बाई? नवरीची आई हाय ती."

"हो, पण ती इथं नाहीये ना!"

लुदिंगनं हेडफोन काढला. मी दाराकडं सरकलो.

"न्हाई म्हनूनच आवाज ठेवायचा की गं, भवाने! इथं असती तर लेकीशेजारी बसली असती. यायला जमलं न्हाई म्हनून आवाज पाठवला, आन तुमी त्योबी दारातनंच हाकलताय?"

"हे बघा, मी तुम्हाला पुन्हा काम देणार नाही."

"नको देऊ. तुझ्या कामानं पोट भरतंय व्हय माझं? सकाळपासनं एक घास न्हाई पोटात!"

क्लारिस माझ्याकडं वळली. "तुम्ही तरी सांगा यांना."

"मी कॅमेरा धरतो बाई. हिला धरायची ताकद माझ्यात नाही."

ती टाचा आपटत गेली. मी चाचरत म्हटलं, "मनांग, आवाज थोडा बारीक करून वर गाणं घेतलं तर? दोघींचंही होईल."

"बारीक?" लुदिंगनं माझ्याकडं असं बघितलं की बोललेलं गिळून टाकावंसं वाटलं. "माझ्या पोराचा बी आदी बारीकच केला आसंल."

मी लॅपटॉपखालची बर्फाची पिशवी बदलायला घेतली.

हॉलमध्ये व्हिडिओ लागला. निनांगा खूश, मेयरची बायको दोनदा दिसली. शपथ सुरू झाली आणि व्हिडिओचा आवाज एकदम मेला. बँडनं नाचाचा वॉल्ट्झ धरला. आवाजाच्या टेबलापाशी क्लारिस हाताची घडी घालून उभी.

लुदिंग अनवाणी धावली. वाटेत एक खुर्ची पाडली, एका काकांचा ग्लास सांडला. आवाजवाला कळवळून म्हणाला, "मनांग, मला सांगितलंय त्यांनी..."

"मला कुनी सांगितलेलं न्हाई!" तिनं व्हिडिओ मागं घेतला, आवाजाचा खटका मुठीनं वर ढकलला, आणि बँडकडं वळून ओरडली, "बंद करा रं त्यो ढोल!" बँड थांबला. असा आवाज ऐकल्यावर थांबतोच.

"नुसते पंखेच दिसतात! पोरगी दाखव!"

हॉल हसून फुटला. मग आलं, "अगं बाई... केवढी झाली गं."

परदेशात कुणीच नाही असं घर त्या हॉलमध्ये शोधून सापडलं नसतं. सूप वाढणारी बाई पळी हातात तशीच धरून उभी राहिली. रिझेल उठली, बेबिंगच्या हातातून फोन घेतला, त्यावर आई अजून होतीच, आणि स्वतः पडद्यासमोर धरला. सरळ.

फोनमधून पेर्ला म्हणाली, "अगं, ही कोण ओरडतीय?"

"तूच की, आई."

नवरदेवाची आई ताटात बघत राहिली. क्लारिसनं त्यानंतर आम्हाला कधी बोलावलं नाही, इतरांनाही बोलावू दिलं नाही. सहा महिने आम्ही शाळांची स्नेहसंमेलनं कापली.

पण त्या संध्याकाळी मी वायरी गुंडाळत म्हटलं, "जिंकलीस की, मनांग. आता तरी राग उतरला?"

"कशानं उतरंल?" ती उलट्या बादलीवर बसून थंडगार लेचोन दातांनी ओढत होती. "ती उद्या पुन्ना लोकाची भांडी घासनार. त्या मालकिनीला एक दीस सोडवंना. हितं मी आवाज ठिवून काय केलं? आवाजच ठिवला. बाई कुटं आनली?"

कातडी कडकडा मोडत ती चावत राहिली. मी दुसरं ताट आणायला गेलो.