दहा मिनिटं कोमट पाण्यात

बागूल सरांना शेवटचं भेटले तेव्हा ते दवाखान्यात उशीला टेकून बसले होते. मी त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी तो हळूच काढून घेतला. "हात गार आहे मॅडम. आत्ताचा आकडा धरू नका," म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मी चिडूनच गेले होते, चिडूनच परत आले. पाच दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला… त्याला आता दीड महिना झाला. राग काही उतरलेला नाही.

नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही दोघं शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. सर मूळचे नामपूरचे, मला पंधरा वर्षांनी मोठे, आणि डोक्यात एकच खूळ. मनगटावर विजेचा हलका झटका दिला की नस तो निरोप अंगठ्याच्या स्नायूला पोचवते. पण लगोलग दुसरा झटका दिला तर ती दाद देत नाही. तिला सावरायला वेळ लागतो, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम दोन-तीन. तेवढा वेळ मोजायचा, यात माणसानं उभी नोकरी घालवली. त्यांच्या चिकाटीचं सगळे कौतुक करायचे. त्यांच्याबरोबर काम करायची वेळ आली असती, तर त्यातल्या कुणी केलं नसतं. एक वायर बदलली तरी स्वारी सगळं पहिल्यापासून मोजायला बसायची.

तीन वर्षांपूर्वी विंचूरहून अलकाताई आल्या. कांद्याच्या खळ्यावर निवडीचं काम करणाऱ्या, हातांना सारख्या मुंग्या येतात म्हणून बरोबरच्या बायकांनाही घेऊन आलेल्या. "आमचे हात कामानं गेलेत का, तेवढं सांगा. मंग काम सोडायचं का धरायचं ते आम्ही ठरवू," म्हणाल्या. सरांनी शब्द दिला. मोजायचं काम माझ्याकडे आलं, आणि दोन हिवाळे मी ते केलं. या बायकांच्या नसा सावरायला आमच्या कॉलेजातल्या बायकांपेक्षा स्पष्ट जास्त वेळ लागत होता. मी हरखले. शोधनिबंध लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "हाताचं तापमान कुठंय?"

तो रकाना रिकामा होता. गार नस उशिरा सावरते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून तर सरांनी नातीचा अंघोळीचा निळा टब घरून आणून ठेवला होता. प्रत्येकीचा हात दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग पुसून तापमान लिहायचं, मगच झटका. पण बाहेर बायकांची रांग, त्यांचा कामाचा दिवस बुडत होता, मला तासाला जायचं होतं… मी टब वापरलाच नाही. डिसेंबरातल्या सकाळी उघड्या पिकअपमधून आलेले हात, आणि तुलनेला खोलीत चहा पीत बसलेल्या बायकांचे हात. मी दोन वर्षं कामाचा परिणाम मोजला की नुसती थंडी, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सरांनी सगळे आकडे बाजूला काढले. मी भांडले. "सर, लोक याहून कच्चं छापतात."

"छापू द्या. पण त्या बायका आपल्या सांगण्यावरून काम सोडतील, त्याचं काय?"

एका शब्दानं रागावले नाहीत, हेच मला जास्त झोंबलं. सरांनी स्वतः टब भरून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. निम्म्या बायका झाल्या आणि अंथरूण धरलं. मी मनात त्यांनाच दोष देत राहिले, की या माणसाच्या सोवळ्यापायी सगळं अर्धवट राहिलं. पण मी वेळेवर टब भरला असता तर उत्तर त्यांच्या देखत हातात असतं. हे लिहितानाही हात जड होतो.

गेल्या आठवड्यात राहिलेल्या बायका आल्या. अलकाताई दर खेपेला सोबत यायच्या, टबाशेजारी बसून सगळं बघायच्या आणि आपला नंबर शेवटी ठेवायच्या. त्यांचा हात पाण्यात ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "सर नाय दिसत आज?" मी सांगितलं. माझा तास सुरू व्हायची वेळ झाली होती. मी टॉवेल पुढे केला. "झालं ताई, काढा हात."

त्यांनी हात काढला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "सातच मिन्टं झालीत मॅडम. सर दहाच्या आत काढू देत नव्हते."

मी तासाला येत नसल्याचा निरोप पाठवला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. पाणी निवत चाललं होतं, म्हणून किटलीतलं थोडं गरम त्यात ओतलं.