मुजावर सरांचं संदर्भासह स्पष्टीकरण

मुजावर सर गाणं ऐकायचे ते लाल पेन हातात घेऊन. कान मोबाईलला, डोळे वहीवर. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढलेली. डावीकडं गाण्याची ओळ इंग्रजीत, उजवीकडं तिचं संदर्भासह स्पष्टीकरण आणि खाली दहापैकी गुण. तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले तरी पेपर तपासायची खोड गेली नाही. तपासायला आता फक्त लेकीची गाणी उरली होती.

मी त्यांची शेजारीण. तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला माझं कवड्यांच्या माळांचं दुकान आहे, मागं घर आणि घराला लागून सरांचं घर. मी चौथी शिकले, इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. तरी सर रोज दुपारी वही घेऊन दुकानात येऊन बसायचे. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक नसीम पुण्याला होती.

नसीम माझ्याच दुकानात कवड्या निवडत मोठी झाली. गल्लीत गोंधळ्यांचा संबळ वाजला की हातातलं टाकून ऐकायला पळायची. पुण्याला शिकायला गेली आणि चार पोरांबरोबर रॉकची गाणी म्हणायला लागली. गाणी तीच लिहायची. पहिलं गाणं सरांनी ऐकवलं तेव्हा मी विचारलं, "सर, हिला कुणी मारतंय का?"

"न्हाय हो आक्का. ती देवाशी बोलतीय."

"एवढ्या मोठ्यानं? देव बहिरा हाय का?"

"तेच तर विचारतीय ती त्याला," सर म्हणाले आणि खूश होऊन लाल पेननं बरोबरची खूण केली.

त्यांचं म्हणणं असं, की लोकांना त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो. पण आत बघावं तर देवाधर्माशिवाय दुसरं काही नसतं. "सात आसमान आलं की ते कुराणातलं. प्रलय आला की नूह पैगंबरांची नाव आठवायची. संदर्भ कळला की गाणं कळलं, आक्का." हे वाक्य दिवसातून चारदा. मुरूम गावाहून त्यांचे चुलत भाऊ आले, "पोरगी खुदाला उलटं बोलती, आवरा तिला," म्हणून तावातावानं बोलले. सरांनी वही उघडली आणि एकेक ओळ घेऊन ती प्रार्थनाच कशी आहे ते दोन तास समजावलं. भाऊ चहा पिऊन, मान हलवत निघून गेले. पटलं काहीच नाही, पण पुन्हा आले नाहीत. त्या दिवशी मला हा माणूस आवडला.

पण माणूस शहाणा असला म्हणजे त्याला कळतंच असं नाही.

नसीमनं आईवर गाणं लिहिलं. कुठं म्हणायच्या आधी स्वतःच्या हातानं कागदावर उतरवून बापाला पाठवलं. तिची आई गेली तेव्हा दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, खाली सतरंजीवरच जीव गेला. त्याचीच ओळ होती : 'सात आभाळं बांधलीस तू, आणि माझ्या आईला एक खाट मिळाली नाही.' सरांनी लाल पेननं दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. कडेला लिहिलं, 'श्रद्धा डळमळीत. शेवटचं कडवं पुन्हा लिही.' खाली दहापैकी सहा. तोच कागद पोस्टानं परत पाठवला आणि चार दिवसांनी मला कौतुकानं सांगितलं, "सहाच्या वर मी कुणालाच देत न्हाय."

मी म्हणाले, "पोरीनं आईचं रडणं पाठवलं आणि तुम्ही त्याला मार्क दिले?"

त्यांचा चेहरा उतरला. लगेच फोन लावला, तोवर कागद तिला पोचला होता. तिनं फोन उचलला नाही. निरोप आला : 'तपासल्याबद्दल आभार.' त्यानंतर रमजान ईद दोनदा येऊन गेली, ती आली नाही.

या वर्षी सरांना धाप लागायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, घरच्यांना बोलावून घ्या. त्याच आठवड्यात नसीमचं नवं गाणं मोबाईलवर आलं. ते युसूफ पैगंबरांच्या गोष्टीवरचं होतं, भावांनी ज्यांना विहिरीत टाकलं त्यांच्या. सरांनी मला मराठीत सांगितलं : 'मी विहिरीत आहे. वरून पोहरा येतो. सगळ्यांना पाणी हवंय. मला कुणी मागत नाही.'

"आता दोर कुणाच्या हातात हाय, तो मुद्दा," सर म्हणाले. "गोष्टीत वाटसरू असतात. पण तिच्या मनात खुदा असंल. का मी असंन?"

"फोन करून विचारा."

"अर्थ नक्की झाल्याबिगर काय बोलू? मागच्या टायमाला चुकलो. आता चुकायला दिवस न्हाईत माझ्याकडं."

ते रोज यायचे. आदल्या दिवशीचं स्पष्टीकरण खोडून नवीन लिहायचे. पायांवर सूज, बोलता बोलता श्वास तुटायचा. एकदा मी ओरडलेच, "अहो, पोरगी विहिरीतनं हाका मारतीय आणि तुम्ही वर बसून विहिरीची खोली मोजताय!" सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्या करतो, आक्का. एवढं पुरं होऊ द्या."

तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी आले नाहीत म्हणून मी गेले. खुर्चीत बसलेले होते. वही मांडीवर, पेनचं टोपण उघडं. गाणं मोबाईलवर आपलं आपलं पुन्हा पुन्हा वाजत होतं. बंद कसं करायचं ते मला माहीत नव्हतं.

नसीम पोचली तेव्हा दफन झालं होतं. माझ्या दुकानात येऊन बसली, मी वही दिली. शेवटच्या पानावर डावीकडं विहिरीतल्या पोहऱ्याची ती एकच ओळ. उजवीकडं नऊ वेळा लिहून नऊ वेळा खोडलेलं. खाली गुण नव्हते.

"मावशी, ह्यातलं बरोबर कुठलं?"

"कुठलंच न्हाय. त्यांनी तुला फोन करायला पायजे होता."

तिनं वही मिटली. मग तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. तिथं जुनं कॅलेंडर होतं. पुण्याला जाताना त्यावर तिनंच आपला नंबर लिहून ठेवला होता, 'अब्बांना काही झालं तर लावा, मावशी,' असं सांगून. त्या नंबरासाठीच मी कॅलेंडर काढलं नव्हतं. बापलेकीच्या मधे आपण कशाला पडा, असं म्हणत मी तेवढे दिवस त्याच्याखाली बसून कवड्या ओवत होते.

"तुम्ही तरी, मावशी?" ती म्हणाली.

त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नव्हतं. आजही नाही.