खाडीच्या मुखाशी अडकलेला पंप

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. लागोपाठ दोन हंगाम वाया गेले, तेव्हापासून मी देवळाची पायरी चढलो नव्हतो. या वर्षी पावसाळा संपल्यावर बोट उतरवताना पूजा केली ती केवळ आईच्या हट्टापायी. आमच्या देवबागला बोट लोटण्याआधी वाळूतच पूजा होते आणि गावातले एक आजोबा गाऱ्हाणं घालतात. ते एकदा सुरू झाले की एक देव सोडत नाहीत, मग पूर्वजांकडे वळतात. मला ओहोटीचा जोर वाढण्याआधी खाडीचं मुख ओलांडायचं होतं. त्यांनी आवरतं घ्यावं म्हणून मी मुद्दाम इंजिन सुरू केलं. आजोबांनी उलट आवाज चढवला. लोक ‘होय म्हाराजा’ म्हणत राहिले, इंजिन कोरडं धडधडत राहिलं आणि मला मात्र गंमत वाटत होती.

समुद्राला नारळ द्यायला आई बोटीत बसली. मुखापाशी पोचलो आणि रबर जळल्याचा वास आला. पट्टा किंचाळला, वाफ उसळली, इंजिन बंद. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप अडकला होता. पट्टा काढून पुली हाताने फिरवून पाहिली, तसूभर हलेना. मी पान्हा घेऊन तिच्याशी झटत बसलो. समोर लाटा फुटत होत्या आणि ओहोटी आम्हाला सरळ त्यांच्यात ओढत होती, याचं मला भानच नव्हतं.

“नांगर टाक रे! मशिनीकडे काय बघतंस?”

शेजारच्या उथळ पाण्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणारी एक बाई ओरडली. मी दचकून नांगर टाकला. दोर ताणला, बोट हिसका देऊन थांबली. लाटांचे तुषार आईच्या तोंडावर उडत होते.

बाई आपली छोटी होडी वल्हवत आली. गळ्यात क्रूस, पदर खोचलेला. तिचा नवरा इंजिनं दुरुस्त करायचा, तो गेला, पण काम तिच्या हातात राहिलं होतं. तिने पंपाचं झाकण उघडलं. आतला रबरी पंखा वितळून भिंतीला चिकटला होता.

“सुको चललो हा ह्यो. पाण्याभायर कधी चालू केललंस?”

आईने माझ्याकडे पाहिलं. “गाऱ्हाण्याच्या वेळी,” मी म्हणालो. लाजेने मला मान वर करवेना.

पंख्याला इलाज नव्हता. पंप सोडून इंजिनाच्या नळीत थेट बादलीने पाणी ओतायचं ठरलं. मी बादली उचलली, तर तिने हात धरला. “थांब. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलंस तर हेड तडकतला. थंड होवंदे.”

तोवर आईला होडीतून किनाऱ्यावर नेते, असंही ती म्हणाली. आई जागची हलेना. “ह्यो येतलो तर मी येतंय.” आणि मी बोट सोडायला तयार नव्हतो.

अर्धा तास तरी गेला असेल. एवढा वेळ हातावर हात ठेवून मी आयुष्यात बसलो नव्हतो. नांगर मधूनच घसरायचा आणि बोट लाटांकडे सरकायची. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी डोळे मिटले. बोट मागितली नाही, हंगाम मागितला नाही. आई तेवढी राहू दे, एवढंच म्हणालो.

मग बाईने इंजिन मंद चालवलं, मी नळीत पाणी ओतत राहिलो, आणि होडी मागे बांधून आम्ही बोट रडतखडत खाडीत आणली. आभार मानायला गेलो, तर ती म्हणाली, “भरती येवच्या आत माका तिसऱ्यो काढूक होयत,” आणि निघून गेली. त्या दिवशी ती तिथेच का होती, हे मी कुणाला विचारत नाही.

वाळूत उतरल्यावर आईला विचारलं, होडीत का नाही गेलीस? ती म्हणाली, “मी देवाक सांगललंय, माका नेलंस तरी चलात, पण ह्याका घराक पोचव. मगे सोडून कशी जातलंय?”

घरी जाऊन आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो.