एखादी शीर राहू दे

जैबुनखाला समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, आधी हात बघत. गल्लीत आलेली नवी सून असो की गॅस सिलिंडरवाला, त्यांची नजर थेट बोटांवर. कारण विचारलं तर म्हणत, "आमी घोडेगावची मानसं. बाजारात बैलाला कुनी इचारतं का, बाबा, कसा हायेस? खूर बघायचा. तोंडाचं काय, ते शाळा शिकलेलं असतं."

माझं तोंड तर इंग्रजी शाळा शिकलेलं. 'आय अ‍ॅम फाइन' त्याला नर्सरीपासून पाठ.

नगरला आमच्या खालच्या मजल्यावर खाला राहत. फेब्रुवारीत चिंचेची पोती त्यांच्या अंगणात उतरत आणि गल्लीतल्या बाया टरफलं, शिरा, चिंचोके काढायला बसत. मी वरून बघायची. त्या वर्षी एक वाटी परत द्यायला खाली गेले, आणि खालांना माझा उजवा हात दिसला. नखांत वाळलेलं रक्त होतं.

दहावीपासून मी डोकं खाजवत नव्हते, खणत होते. कानामागे बोट फिरवायचं, खडबडीत काही लागलं की नखाने काढायचं. मग रक्त, मग खपली, मग पुन्हा तीच खपली. आईच्या मते कोंडा. डॉक्टरांच्या मते कोंडा, शिवाय लोशन. मोबाईलवर या सवयीचं लांबलचक इंग्रजी नाव सापडलं, तेव्हा दोन दिवस फार हलकं वाटलं. हाताला मात्र इंग्रजी येत नव्हतं.

त्यातून एप्रिलअखेर ताईचं लग्न. पार्लरवाली घरी येणार आणि सगळ्या बहिणींचे केस एकाच खोलीत मोकळे करणार, हे आईने आनंदाने जाहीर केलेलं. मला त्या दिवशी ताप येणार, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"ह्या हाताला लई काम दिसतंय," खाला म्हणाल्या. "बस. चिंच सोल."

"खाला, माझं ऑफिस आहे."

"हापिस डोस्क्यात ऱ्हातं. हात रिकामाच हाय न्हवं?"

बसले. अंगठ्याशेजारच्या सोललेल्या कातडीत आंबट रस गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय?"

"नाही."

"शाळा शिकलेलं तोंड," खाला शेजारच्या पोत्याला म्हणाल्या.

रोज तासभर बसू लागले. पंधरा दिवसांत मी गल्लीत पहिली आले. शीर मधे न तुटता ओढून काढण्यात, चिंचोका नेमका उचकटण्यात माझा हात कुणी धरू शकेना. जी बोटं आई पाहुण्यांपुढे ओढणीआड लपवायला सांगे, त्यांचं काम खाला बायांना दाखवत, "बघा, इंजिनेरचं काम." शाळेत असं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी माझ्या हातातली चिंच काढून घेतली. तिच्यातला शेवटचा धागा मी शोधत होते आणि शोधता शोधता तिचा लगदा झाला होता.

"ही आता कोन घेनार? एवढी साफ चिंच कुनी मागितली तुला? एखादी शीर राहू दे. चिंच हाय ती, चाळलेला रवा न्हाई." मग खाली बघत, त्याच आवाजात म्हणाल्या, "कानामागलंबी राहू दे. त्याचं ते जातं."

एवढंच. का करतेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. करू नको, असंही म्हटलं नाही.

लग्नाच्या सकाळी एकच खपली उरली होती. एका खपलीसाठी ताप आणणं जरा अतिच झालं असतं, म्हणून खुर्चीत बसले. पार्लरवालीने केस बाजूला केले आणि तिचा कंगवा थांबला.

"अगं बाई, हे काय?"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. ताईला बघायला आलेल्या खाला पलंगावर बसल्या होत्या.

"चिंचेचं हाय ते. दिसभर चिंचेत हात आन् त्योच डोक्याला. तू गजरा लाव आन् पुढं चल. नवरदेव काय हिला बघाया येतोय व्हय?"

सगळ्या हसल्या. चिंचेने डोक्याला जखम होते, हे आमच्या एकाही पदवीधर बहिणीला खटकलं नाही. पुढे जखमा कमी झाल्या, त्याचं श्रेय आईने लोशनला दिलं. अजूनही ती त्याचं नाव लोकांना लिहून देते.

यंदा पोती उतरायच्या आधीच खाला गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पांढऱ्या चादरीवर मागच्या हंगामातल्या चिंचोक्यांचा ढीग मोजणीसाठी घातला होता. भोवती बसलेल्या बाया एकदा दुवा पुटपुटून झाली की एक चिंचोका पलीकडे ठेवत. मला दुवा येत नव्हती. खालांच्या सुनेने तरी मूठभर चिंचोके माझ्यापुढे सरकवले. मी नुसतेच एकेक पलीकडे ठेवत राहिले.

एका चिंचोक्याला शिरेचा तुकडा चिकटलेला होता. नख तिकडे गेलंच. राहू दे म्हटलं आणि तो तसाच पलीकडे ठेवला.

तेव्हा लक्षात आलं, दुसरा हात कानामागे होता. तो खाली आणला आणि त्याच्यापुढेही थोडे चिंचोके ठेवले.